तो कायोत्सर्ग नव्हता

गेल्या वर्षी पर्युषणाच्या तिसऱ्या दिवशी स्थानकाची पायरी चढता चढता माझा मुलगा एक पाय वर ठेवून तसाच उभा राहिला. दहा मिनिटे झाली, वीस झाली. एक वयोवृद्ध श्राविका कौतुकाने म्हणाल्या, "काय स्थिरता आहे! जणू कायोत्सर्गच." मलाही क्षणभर बरे वाटले, हे लिहिताना आज लाज वाटते.

मुलगा एकोणीस वर्षांचा, स्वमग्न. दुकानात वह्यांचे गठ्ठे मोजून रचण्याचे काम तो चोख करी. त्या उन्हाळ्यापासून गठ्ठा हातात धरून थबकू लागला. बोलणे आटले. घास ओठांपर्यंत नेऊन थांबे. कोपराला हलकेच हात लावला की पुढचे घडे. आम्ही आधी त्याला आळस म्हटले, मग हट्ट. पर्युषणात जेवण जवळजवळ सुटले, तेव्हा आप्तांनी तपाची अनुमोदना केली. परंतु तपाला पच्चक्खाण लागते, संकल्प लागतो. त्याला तर खायचे होते. हात उठत नव्हता.

पहिल्या डॉक्टरांनी हट्टीपणावर म्हणून मनोविकाराचे औषध दिले. त्याने अंग अधिकच ताठरले. दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी त्याचा हात हळूच वर उचलला. तो तसाच अधांतरी राहिला. "हा कॅटाटोनिया आहे," त्या म्हणाल्या. जर्मन वैद्य कालबाउम यांनी 1874 मध्ये वर्णिलेला हा विकार. लॉर्ना विंग आणि अमिता शाह यांनी 2000 साली इंग्लंडमधून लिहिले, की त्यांच्याकडे आलेल्या पंधरा वर्षांवरील स्वमग्न व्यक्तींपैकी सुमारे 17 टक्क्यांत तो तीव्र स्वरूपात आढळला. मग आम्हाला कोणी आधी का सांगितले नाही?

लोराझेपामचे इंजेक्शन दिल्यानंतर काही वेळाने त्याने पेला स्वतः उचलला आणि पाणी प्यायला. माझी पत्नी भिंतीकडे तोंड करून रडली. पुढे गोळ्यांचे प्रमाण सावकाश वाढवावे लागले. त्या पुरल्या नाहीत, तर भूल देऊन विद्युत उपचार करतात, हेही बाईंनी समजावले. आमच्यावर ती वेळ आली नाही. ताठरपणासोबत ताप चढला, तर एक तासही न दवडता रुग्णालय गाठा, ही त्यांची ताकीद मी गल्ल्याच्या झाकणावर चिकटवली आहे.

यंदा संवत्सरीला सर्वांत आधी त्याला 'मिच्छामि दुक्कडम्' म्हटले. तो वह्या मोजत होता. गठ्ठा पुरा झाल्यावरच त्याने मान हलवली.