धोंडसाचा वास आणि आजींची किसणी

भाद्रपदात गुहागरकडच्या एखाद्या वाडीत आपण मुक्कामास गेलात, तर गोठ्यातील हालचालीनेच जाग येईल. धारा काढणे, गोठा लोटणे, परसातील मांडवावरून जून तवसे, म्हणजे मोठी पावसाळी काकडी, उतरवणे ही कामे उन्हे चढण्याआधीच उरकतात. मग तवसे किसून त्याच्याच पाण्यात भाजलेला तांदळाचा रवा, गूळ आणि खोबरे शिजवतात. जाड बुडाच्या पातेल्यात हळदीच्या पानावर ते थापून, झाकणावरही निखारे ठेवून मंद भाजले की धोंडस तयार होते.

अशाच एका घरी, पडण्याच्या भीतीने, वृद्ध आजींना सर्व कामांतून मोकळे केले होते. त्या खोलीबाहेर येईनाशा झाल्या. यंदा किसणी पुन्हा त्यांच्या हाती आली. निखारे, ओझी आणि शेवाळलेल्या पायऱ्या सुनेकडे राहिल्या. आता सकाळी ओसरीवर पहिल्या आजीच येतात.

आपल्या घरातील ज्येष्ठांनाही झेपेल असा कामाचा वाटा अवश्य ठेवा. मधुमेह असल्यास वडी मात्र लहानच द्या; गुळानेही रक्तातील साखर वाढते.