नेब्रास्कांतील गवताची सुगी

अमेरिकेस जाणारा आपल्याकडील प्रवासी बहुधा न्यूयॉर्कचीं उत्तुंग घरें आणि नायगाराचा धबधबा पाहून परततो. आमचा पुतण्या नेब्रास्का राज्यांतील ओमाहा शहरीं नोकरीस असल्यामुळें सन २०१४ च्या जुलै महिन्यांत आम्हां उभयतांस मात्र एक निराळाच मुलूख पाहावयास मिळाला. ग्रँड आयलंड या गांवापासून दुसऱ्या क्रमांकाच्या राजमार्गानें आमची मोटार वायव्येस निघाली. ब्रोकन बो मागें पडल्यावर मक्याचीं शेतें विरळ झालीं, आणि दृष्टि पोहोंचेल तेथवर गवतानें झांकलेल्या टेकड्या दिसूं लागल्या. शेजारच्या लोहमार्गावरून दगडी कोळशाच्या लांबच लांब मालगाड्या जात. त्या गेल्या म्हणजे वाऱ्यावांचून दुसरा आवाज नसे.

या मुलुखास 'सँडहिल्स' म्हणजे वाळूच्या टेकड्या असें म्हणतात. याचा विस्तार सुमारें पन्नास हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राचा जवळजवळ सहावा हिस्सा आहे. गवताच्या मुळ्यांनीं ही वाळू जागीं धरून ठेविली आहे. १९०४ सालच्या किंकेड कायद्यान्वयें येथें येणाऱ्यांस प्रत्येकीं सहाशें चाळीस एकर जमीन मिळूं लागली. पुष्कळांनीं हौसेनें नांगर धरला. परंतु गवत उपटलें गेल्याबरोबर वाळू उडूं लागली, आणि कित्येक कुटुंबें गाशा गुंडाळून परत गेलीं. तेव्हांपासून येथील शहाणा मनुष्य नांगराच्या वाटेस जात नाहीं. तो गाई पाळतो. जमिनीखालीं पाण्याचा मोठा सांठा असल्यामुळें सखल जागीं ओल टिकते. तेथील गवत उन्हाळ्यांत कापून वाळवितात, आणि कुरणें बर्फाखालीं गेलीं म्हणजे तेंच गाईंस घालतात.

पुतण्याच्या ओळखीच्या एका पशुपालकाकडे आम्ही दोन दिवस राहिलों. त्या वर्षीं पाऊस चांगला झाला होता, व कापणी भरांत होती. कापलेल्या गवताच्या ओळी रानभर पसरल्या होत्या आणि त्यांचा गोड वास मोटारींत बसल्याजागीं येत होता. ओळीवरून यंत्र चालूं लागलें कीं तें गवत उचलून पोटांत घेई. आंतील रुंद पट्टे फिरत, आणि आपण अंथरुणाची वळकटी करतों तशी गवताची वळकटी होत जाई. पुरेशी जाड झाली म्हणजे यंत्र तिच्याभोंवतीं जाळी लपेटी, मागील दार उघडे, आणि पुरुषभर उंचीची वाटोळी गासडी जमिनीवर येई. ही युक्ति फार जुनी नव्हे. अशा प्रचंड गासड्या बांधणारें यंत्र आयोवा राज्यांतील पेला गांवच्या गॅरी व्हर्मीर यांनीं १९७१ सालीं तयार केलें. पूर्वीं ज्या कामास घरचीं सारीं माणसें लागत, तें आतां एकटा मनुष्य उरकतो.

आम्हीं हिशेब विचारला. एका गासडीचें वजन पांचशें-सहाशें किलो. एका गाईस ती सुमारें दीड महिना पुरते. वाटोळ्या आकारामुळें पावसाचें बरेंचसें पाणी ओघळून जातें. तथापि गंमत अशी कीं, सहा फूट व्यासाच्या गासडीचा बाहेरील केवळ सहा इंचांचा थर नासला, तरी जवळजवळ तीन दशांश गवत वायां जातें. हें ऐकून आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "म्हणूनच आपल्याकडे कडब्याची गंजी रचतांना शेंडा इतका जपून शाकारतात!" गवत नीट वाळण्यापूर्वीं बांधलें तर आंतल्या आंत तापतें व कधीं आपोआप पेटतेंहि. म्हणून मालक दर ओळींतील मूठभर गवत पिळून पाही व मगच यंत्र हांकी.

संध्याकाळीं आम्ही टेकडीवर गेलों. खालीं गासड्यांची रांग लागली होती. पुतण्यानें विचारलें, "इतकें गवत तुम्हांस लागेल का? कांहीं विकून टाकणार असाल?" मालक हंसला नाहीं. तो म्हणाला, "यंदा सर्वांकडेच गवत आहे; घेणार कोण? शिवाय २०१२ सालीं मीं निम्म्या गाई विकल्या. माझ्या वडिलांनीं जोपासलेली ती बीजावळ होती. पैसे आले, ते संपले. गाई कांहीं परत आल्या नाहींत." त्या सालीं नेब्रास्कांत भयंकर अवर्षण पडलें होतें.

आम्हांस एकाएकीं आमचें माण तालुक्यांतील घर आठवलें. एका चांगल्या सालीं आमच्या तीर्थरूपांनीं शिलकी कडबा विकून वाड्यावर माडी चढविली होती. सर्वांनीं त्यांचें कौतुक केलें. पुढें १९७२ चा दुष्काळ आला. दावणीची खिलारी जोडी वैरणीवांचून उभी राहिना, तेव्हां ती मिळेल त्या किंमतीस बाजारांत द्यावी लागली. वडील कोणास कांहीं बोलले नाहींत. परंतु उन्हाळ्यांतहि ते माडीवर निजावयास गेले नाहींत. आम्ही तेव्हां लहान होतों. माडीवर वारा असतां ते अंगणांत कां निजतात, हें आम्हांस कळत नसे.

समृद्धि आली कीं ती खर्चून टाकावी असें वाटतें, आणि त्यांत मुद्दाम कोणी चुकतो असेंहि नाहीं. पुढें २०१८-१९ सालीं माणदेशांत व मराठवाड्यांत चारा-छावण्या निघाल्या, तेव्हां आपलीं जनावरें घेऊन महिनोन्महिने छावणींत राहिलेल्या लोकांविषयीं वाचतांना आम्हांस ती गासड्यांची रांग पुनःपुन्हां दिसत असे.

निघतांना आम्हीं मालकास विचारलें, "पुढील वर्षहि असेंच चांगलें गेलें तर?"

तो रांगेकडे पाहून म्हणाला, "तर हिच्याशेजारीं दुसरी रांग लावीन."