तिसरं दार

मुलांनो, वाशी म्हटलं की तुमच्यातल्या निम्म्याजणांच्या डोळ्यांपुढे खाडीवरचा पूल, लोकलचं स्टेशन आणि उंचच उंच इमारती आल्या असतील. ते नवी मुंबईतलं वाशी. पत्रावर नुसतं 'वाशी' लिहिलं तर आमचं टपालही तिकडे फिरून येईल, इतकं ते प्रसिद्ध! मी तुम्हांला नेणार आहे ते वाशी धाराशिव जिल्ह्यात आहे. बालाघाटच्या डोंगररांगेतलं, तालुक्याचं गाव. चहूकडे माळरान, पावसाळ्यात सोयाबीन आणि तूर, हिवाळ्यात ज्वारी. मांजरा नदी बीड जिल्ह्यात पाटोदा तालुक्यात उगम पावते आणि आमच्या बाजूनं वाहत पुढे जाते. आमच्याच तालुक्यातलं तेरखेडा फटाक्यांसाठी ओळखलं जातं. दिवाळीत तुम्ही उडवलेलं एखादं भुईचक्र तिथलं असू शकेल. शेजारच्या भूम तालुक्यात कुंथलगिरी, खव्यासाठी नावाजलेलं. त्यामुळे आमच्याकडे पाहुणा आला की पेढ्याशिवाय जात नाही.

गावाच्या जवळून सोलापूर-धुळे महामार्ग जातो. पूर्वी त्याचा क्रमांक २११ होता, आता ५२ आहे. या रस्त्यावर काय नसतं! उसाच्या गाड्या, मालमोटारी, लग्नाची वऱ्हाडं, शाळांच्या सहली. चैत्री पौर्णिमेला येरमाळ्याच्या येडेश्वरीची यात्रा, नवरात्रात आणि कोजागरीला तुळजापूरला निघालेले भाविक. माणसं आली की त्यांना तहान लागते, भूक लागते आणि मग तिसरी एक गोष्ट लागते. ती कुणी प्रवासवर्णनात लिहीत नाही. 'हसू नका' असं मी सांगणार नाही. माझा वर्गही हसला होता. हसून झालं की पुढे वाचा.

महामार्गावर नव्यानं बांधलेल्या शौचालयापाशी गेलात तर बहुधा तीन दारं दिसतील. एक पुरुषांचं, एक स्त्रियांचं. तिसऱ्या दारावर निळ्या चौकटीत चाकाच्या खुर्चीत बसलेल्या माणसाचं पांढरं चित्र असतं. ते चित्र १९६८ साली सुसान कोफोड या डेन्मार्कच्या विद्यार्थिनीनं काढलं. तिच्या मूळ चित्रात नुसती खुर्चीच होती. पुढच्या वर्षी तिला गोल डोकं चढवलं आणि खुर्चीत माणूस बसला! आज जगात कुठंही गेलात तरी भाषा येवो न येवो, ही खूण कळते.

या तिसऱ्या दाराच्या आतली खोली मोठी असते. आमच्या चौथीच्या मुलांना वाटलं, ही 'साहेबांची' असणार. मग आम्ही मोजपट्टी काढली. व्हीलचेअर जागच्या जागी वळवायची तर साधारण पाच फूट रुंद गोल जागा लागते. वर्गात खडूनं तसा गोल काढून पाहा आणि मग तुमच्या घरचा संडास त्यात बसतो की तो गोल संडासात बसतो, ते ताडून बघा. दार तीनेक फूट रुंद हवं. ते बाहेरच्या बाजूला उघडणारं किंवा सरकतं असलेलं बरं, कारण आत कुणी पडलं आणि दाराला टेकलं, तर आत उघडणारं दार ढकलता येत नाही. भिंतीला नळ्यांचे दांडे असतात. ते टॉवेल वाळत घालायला नसतात! खुर्चीतून कमोडवर आणि कमोडवरून परत खुर्चीत जाताना माणूस अंगाचा सगळा भार त्या दांड्यावर देतो. बाहेर पायरीऐवजी उतार. एक फूट चढायचं तर निदान बारा फूट लांबीचा उतार हवा, त्याहून खडा झाला तर खुर्ची मागे घसरते. हे सगळं कळल्यावर 'साहेबांची खोली' हा शब्द कुणी पुन्हा काढला नाही.

तरी प्रश्न आलाच. एका पठ्ठ्यानं विचारलं, "मॅडम, एस.टी.त दिव्यांगांच्या सीटवर आपण बसतोच की. कुणी आलं की उठतो. मग हे रिकामं असलं तर गेलं म्हणून काय बिघडलं?"

मुद्दा बिनतोड वाटतो ना? तुम्हीच विचार करा. एस.टी.त बसलेला माणूस समोरच्याला पाहतो, आणि मनात आणलं तर क्षणात उठतो. शौचालयाचं दार मात्र आतून बंद असतं. बाहेर कोण आलंय हे दिसत नाही, आणि समजलं तरी अर्ध्यातून उठता येत नाही. शिवाय तुमच्यापुढे आणखी दोन-चार दारं असतात. बाहेर खुर्चीत थांबलेल्यापुढे ते एकच. तुम्ही पाच मिनिटं थांबलात तर चुळबुळ होईल. त्याला पाच मिनिटं थांबणं जमेलच असं नाही. पाठीच्या कण्याला मार बसलेल्या काही माणसांना लघवी लागल्याचं कळत नाही किंवा ती रोखून धरता येत नाही. त्यांना ठरल्या वेळी नळी वापरावी लागते. घड्याळ त्यांच्यासाठी थांबत नाही.

आणि कण्याला मार बसायला वेळ किती लागतो? आपल्याच जिल्ह्यातल्या लोहारा आणि उमरगा तालुक्यांनी ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट पाहिली आहे. भूकंपात दगडामातीची घरं कोसळली. रात्री स्वतःच्या पायांनी घरात येऊन झोपलेली काही माणसं पुन्हा त्या पायांवर उभी राहिली नाहीत.

मला खरं तर एका मुलीबद्दल सांगायचंय. तिचं नाव सांगत नाही, तिला ते आवडणार नाही. पायाला कॅलिपर, काखेत कुबडी, आणि धावण्याच्या शर्यतीत सगळ्यांत मोठ्यानं ओरडणारी! एका वर्षी सहल निघाली. सकाळी सातला गाडी सुटली, पण दुपारपर्यंत तिनं पाण्याची बाटली उघडलीच नव्हती. ऊन मी म्हणत होतं. विचारलं तर म्हणाली, "प्यायलं की जावं लागतं." एवढंच. साध्या संडासात तिला उकिडवं बसता येत नाही, म्हणून गाडीत बसायच्या दिवशी ती पाणी पीत नाही. एका थांब्यावर तिसरं दार होतं. ती कुबडी टेकत तिथवर गेली. आत दुसऱ्या कुठल्यातरी गटाची तीन मुलं आरशात भांग पाडत होती. हसण्याचा आवाज बाहेर येत होता. ती काही बोलली नाही, दारही वाजवलं नाही. भिंतीला टेकून उभी राहिली. मुलं बाहेर आली, तिला पाहून ओशाळली, पळाली. वाईट मुलं नव्हती हो ती! त्यांना आरसा मोठा वाटला, बस्स. पण आतली फरशी त्यांनी पाण्यानं ओली करून ठेवली होती. ओल्या फरशीवर कुबडीचं रबर कसं सरकतं, ते तिनं मला नंतर सांगितलं. त्या दिवशी ती आत गेली नाही.

पोट दुखेस्तोवर धरून ठेवणं, पाणी न पिणं, यानं मूत्रमार्गाचे आजार होतात. हे डॉक्टर सांगतात, आणि मुलींना तर सगळ्यांनीच सांगावं.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे त्या दाराकडे फिरकायचंच नाही? नाही, इतकं सोपं नाहीये ते. आमच्या भागात मी पाहिलेली अशी कितीतरी दारं वापरानं बिघडलेली नाहीत, ती कुलूप लावून वाया गेलेली आहेत. आत झाडू, फिनेलचे डबे, तुटकी बाकं, एके ठिकाणी तर निवडणुकीचे जुने फलक. किल्ली शिपायाकडे, आणि शिपाई चहाला. "उगीच कुणीही घाण करतं, म्हणून लावून ठेवतो," असं उत्तर मिळतं. कुणीही वापरू नये म्हणून ज्याचं आहे त्यालाच बंद! इंग्लंडमध्येही अशी कुलपं असतात, पण १९८१ पासून तिथं अशी योजना आहे की हजारो शौचालयांना एकाच किल्लीची कुलपं, आणि ती किल्ली दिव्यांग माणसाच्या स्वतःच्या खिशात. कुलूप तेच, पण किल्ली कुणाकडे यानं सगळं बदलतं. माझं मत विचाराल तर कुलूप लावलेल्या स्वच्छ खोलीपेक्षा कधीमधी इतरांनीही वापरलेली उघडी खोली बरी.

म्हणून यात्रेच्या दिवशी बायकांची रांग पार रस्त्यापर्यंत गेली आहे, बाकीची दारं मोडलेली आहेत, पोटात कळ आली आहे, आणि तिसऱ्या दाराशी कुणी नाही, तर जावं. लाजू नये. पण जायच्या आधी एकदा मागे वळून बघावं. आत कपडे बदलत, मोबाइल बघत बसू नये. कमोडवर चपला घालून चढू नये. आमच्याकडे ही सवय फार, कारण घरी भारतीय पद्धतीचं भांडं. त्या चपलेच्या मातीवर पुढच्या माणसाला हातांनी आधार घेऊन बसायचं असतं, हे चढणाऱ्याच्या डोक्यात येत नाही. निघताना फरशी कोरडी करावी, बादली वाटेतून बाजूला सारावी. आपण बादली पायानं सरकवतो, खुर्चीतल्या माणसाला ती वाकूनही हलवता येत नाही. आणि बाहेर कुणी थांबलेलं दिसलं तर "माफ करा" म्हणून बाजूला व्हावं, कारणं सांगत उभं राहू नये.

आजीला धरून नेणारा नातू, मोठ्या मतिमंद मुलाला घेऊन आलेली आई, दिवस गेलेली बाई, यांच्याकडे तर डोळे वटारूच नका. मुलगा पंधरा वर्षांचा, त्याला बायकांच्या बाजूला कसं न्यायचं आणि पुरुषांच्या बाजूला आई कशी जाणार? त्या दोघांसाठी तिसरं दारच खरं.

डोळे वटारण्यावरून आठवलं. तिसऱ्या दारातून धडधाकट दिसणारा माणूस बाहेर आला की काही जण लगेच न्यायाधीश होतात. "तुम्हांला काय झालंय हो?" जरा थांबा. आतड्याची शस्त्रक्रिया झालेल्या काही माणसांची शी पोटावरच्या छिद्रातून एका पिशवीत जमते. ती पिशवी रिकामी करायला, धुवायला जागा, पाणी आणि आडोसा लागतो. वरून शर्ट घातला की बघणाऱ्याला काही म्हणजे काही कळत नाही. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार मोजले होते, २०१६ च्या कायद्यात ते एकवीस झाले. त्यांत हिमोफिलिया, सिकलसेल, पार्किन्सन असे आजारही आहेत. यांतलं किती तुम्हांला रस्त्यावर नुसतं पाहून ओळखता येईल? तेव्हा स्वतःला प्रश्न जरूर विचारा. दुसऱ्याला नको.

२०११ च्या जनगणनेत भारतात २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली. मग ती सगळी माणसं आमच्या बाजारात, यात्रेत, एस.टी. स्टँडवर फारशी का दिसत नाहीत? वर्गात हा प्रश्न विचारला तेव्हा बराच वेळ कुणी बोललं नाही. मग मागच्या बाकावरून ती कुबडीवाली म्हणाली, "घरी संडास आहे ना, मॅडम."

त्या आठवड्यात मुलांनी एक उद्योग केला. गावात जिथं जिथं तिसरं दार आहे तिथं जाऊन तीन गोष्टी वहीत लिहिल्या. कुलूप आहे का, उतार किती फुटांचा, आतली कडी बसूनही हाताला येते का. एका ठिकाणी उतार होता, दार रुंद होतं, दांडेही होते. फक्त उतार संपतो तिथं, अगदी दाराच्या तोंडाशी, चार इंचांचा उंबरा होता. मोजपट्टी धरणाऱ्या मुलानं तो दोनदा मोजला. त्याला वाटलं, आपलंच चुकतंय.