उजेड टोकापर्यंत पोहोचला पाहिजे

आपल्या वस्तीतील मुलांना तलवारीचे वेड आहे, हे मान्य करूनच बोलले पाहिजे. १९७७ साली अमेरिकेत ‘स्टार वॉर्स’ हा सिनेमा आला. त्यातील उजेडाची तलवार आज आपल्या पोरांच्याही हातात असते, निदान काठीच्या रूपाने. सिनेमात ती तलवार खरी उजळत नव्हती. परावर्तक पट्टी लावलेली दांडी फिरवायची आणि झळाळी नंतर फिल्मवर चढवायची, अशी ती करामत होती. दुकानात मिळणारी बरी तलवार घरकामाला जाणाऱ्या आईला किंवा नाक्यावर उभ्या राहणाऱ्या बापाला परवडत नाही. मग मुले काय करतात? कचराकुंडीशेजारी टाकलेली जुनी ट्यूबलाइट उचलतात.

पालकांनो, पहिली गोष्ट हीच सांगायची आहे. त्या ट्यूबमध्ये थोडा पारा असतो आणि काच अगदी पातळ असते. दोन ट्यूब एकमेकींवर आपटल्या की काचेचे तुकडे डोळ्यांत जातात आणि पाऱ्याची वाफ श्वासात जाते. आपले कितीतरी बांधव कचरा वेचून पोट भरतात. त्यांच्या घरात तर ही ट्यूब रोजच येते. मुलांच्या हातातून ती आजच काढून घ्या.

पण नुसती काढून घेऊन भागत नाही. त्याऐवजी काय, हे मूल विचारणारच.

आमच्या विहारात अशोक विजयादशमीला मुलांनी सम्राट अशोकावर नाटिका बसवायची ठरवली, तेव्हा हाच प्रश्न आला. अशोकाच्या हातात उजळणारी तलवार हवी, शेवटी ती खाली ठेवली की विझावी, असा मुलांचा हट्ट होता. एक ज्येष्ठ उपासक म्हणाले, “बाबांनो, विहारात शस्त्र कशाला?” प्रश्न चुकीचा नव्हता. आम्ही बैठकीत तेराव्या शिलालेखाची हकीकत सांगितली. कलिंगच्या युद्धात दीड लाख माणसे पकडून नेली, एक लाख मारली गेली आणि त्याच्या कितीतरी पट मेली, हे खुद्द जिंकणाऱ्या राजाने दगडावर कोरून ठेवले आणि त्याबद्दल दुःख व्यक्त केले. तलवार दिसलीच नाही, तर ती खाली ठेवली हे मुलांना कळणार कसे? शेवटी उपासकांनी एक अट घातली. नाटिका लढाईवर संपता कामा नये. ती सर्वांनी मान्य केली.

तलवारीचे काम नववीतल्या एका मुलीने अंगावर घेतले. आम्ही हिशेब ठेवणारी माणसे, विजेचे काम आमचे नव्हे. आम्ही फक्त सामान आणून दिले आणि शेजारी बसलो. बारा व्होल्टची एलईडी पट्टी, मीटरला ६० दिव्यांची. बांबूच्या कामटीला दोन बाजूंनी दोन पट्ट्या चिकटवल्या आणि एक इंच जाडीच्या पारदर्शक नळीत सरकवल्या. दिवे लागले, पण तलवार दिसेना. दिसली ती ठिपक्यांची माळ.

असे का होते, हे तिने वहीत मांडले. मीटरला ६० दिवे म्हणजे दोन दिव्यांत सुमारे १७ मिलिमीटरचे अंतर. दिव्यापासून नळीच्या भिंतीपर्यंतचे अंतर मात्र दहा-अकरा मिलिमीटरच. शेजारच्या दिव्यांचा उजेड एकमेकांत मिसळण्याआधीच भिंतीला भिडतो. म्हणून एक तर दिवे जवळजवळ हवेत, नाही तर उजेडाला पसरायला वाट हवी. मीटरला १२० दिव्यांची पट्टी घेतली, तेव्हा अंतर आठ मिलिमीटरवर आले आणि ठिपके बरेच पुसले गेले.

उरलेले काम पडद्याचे. नळीला आतून पॉलिश पेपर घासला की ती दुधी होते. पट्टीभोवती पॅकिंगचा पातळ पांढरा फोम गुंडाळला की उजेड आणखी मऊ होतो. बटर पेपरही चालतो. पण प्रत्येक थर थोडा उजेड खातो. तिने तीन थर लावून पाहिले, तर तलवार मंद पडली. एकच थर ठेवला.

एका मुलाने वेगळाच मार्ग धरला. मुठीत टॉर्च बसवली आणि वर रिकामी नळी. मुठीजवळ लखलखाट, टोकाला अंधार! मग त्याने नळीत पारदर्शक जिलेटिन कागदाची सैल गुंडाळी घातली आणि टोकाच्या झाकणाला आतून चकचकीत कागद लावला. गुंडाळीवर आपटत उजेड वाटेत बाहेर पडू लागला, टोकाला पोहोचलेला परत फिरला. पट्टीइतका सारखेपणा आला नाही, पण टोकाचा अंधार गेला.

घरी करून पाहणाऱ्यांनी दोन-तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. नळी पॉलिकार्बोनेटची घ्यावी. ती वाकते. ॲक्रेलिकची आपटली की धारदार तुकडे होतात. वीज पेन्सिल सेलची घ्यावी, दीड व्होल्टचे आठ सेल ओळीने जोडले की बारा होतात. जयंतीच्या रोषणाईतली थेट प्लगला लागणारी पट्टी कापून कधीही वापरू नये. तिच्यात २३० व्होल्ट असतात, ती जीव घेते. सोल्डरिंग मोठ्यांच्या देखत व्हावे.

सोल्डरिंगवरूनच एक बोलणे झाले, ते नोंदवले पाहिजे. मुलीच्या हातात तापलेली सळई पाहून एक मावशी म्हणाल्या, “पोरीच्या जातीला हे कशाला? हात भाजला तर लग्नाला अडेल.” मुलगी शांतपणे म्हणाली, “मावशी, भाकरी भाजताना हात भाजतो, तेव्हा कोणी अडवत नाही.” मावशी हसल्या आणि तिथेच बसून फोम कापू लागल्या.

बंधूभगिनींनो, प्रश्न खेळण्याचा नाही. पिढ्यान्‌पिढ्या आपल्या हातात झाडू दिला गेला, अवजार आणि पुस्तक दिले गेले नाही. १९४२ साली व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळताना बाबासाहेबांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या विज्ञान व तंत्रशिक्षणासाठी सरकारकडे पैसे मागितले होते. पदवीइतकेच हातातले तंत्रही माणसाला उभे करते, हे त्यांना ठाऊक होते. त्या नववीतल्या मुलीने आता दहावीनंतर इलेक्ट्रॉनिक्स शिकायचे ठरवले आहे. तिची आई चार घरची भांडी घासते. शिक्षणाची फी कुठून यायची, हा विचार आता वस्तीने करायचा आहे.

आपल्या समाजातही मुठीजवळ लखलखाट आणि टोकाला अंधार, असे झालेले आहे. नोकरी लागलेली कुटुंबे वस्तीतून बाहेर गेली, उजेड त्यांच्यापाशीच थांबला. प्रत्येक विहारात एक टेबल, एक सोल्डरिंगची सळई, थोडी वायर आणि रविवारी दोन तास देणारा एक शिकलेला माणूस, एवढे झाले तरी पुष्कळ आहे. वर्गणीत एवढी तरतूद करता येते, हे हिशेब ठेवणारा माणूस म्हणून आम्ही खात्रीने सांगतो. येत्या बैठकीत हा विषय आपापल्या विहारात मांडा.

जय भीम!