थेंब आणि तळे

ओवी लिहून घ्यायची तर आधी सांगणारीचे नाव लिहा, असे मी वर्गात दरवर्षी बजावत आले आहे. जात्यावर जन्म काढलेल्या बाईचे नाव रेशनकार्डाखेरीज फारसे कुठे चढत नाही. निदान आपल्या वहीत तरी ते चढावे, एवढाच हेतू. मुले सुटीत आजोळी जातात आणि आजीच्या, मावशीच्या चार ओव्या टिपून आणतात. अशा वह्यांनी माझे कपाट भरून गेले, तेव्हा शास्त्र शाखेचा असूनही माझ्या तासाला हौसेने येऊन बसणारा एक विद्यार्थी म्हणाला, "मॅडम, याची वेबसाइट करू या की!"

ही गोष्ट २०१२ सालची. त्याने ती वेबसाइट ड्रुपल नावाच्या सॉफ्टवेअरवर उभारली. ते फुकट मिळते, हा मला कळलेला त्याचा पहिला गुण. दुसरा गुण नावाचा. बेल्जममधील अँटवर्पच्या ड्रीस बॉयटार्ट या विद्यार्थ्याला आपल्या वेबसाइटला 'डॉर्प' हे नाव द्यायचे होते. डच भाषेत डॉर्प म्हणजे खेडे. टंकताना बोट चुकले आणि 'ड्रॉप' झाले! पुढे २००१ साली त्याने सॉफ्टवेअर सर्वांना खुले केले, तेव्हा थेंब या अर्थाच्या डच शब्दावरून ते ड्रुपल झाले. शब्दांच्या जन्मकथा सांगण्यात हयात गेलेल्या मला ही कथा फार आवडली.

आणि नाव सार्थही होते. मूळ सॉफ्टवेअर म्हणजे नुसत्या चार भिंती. बाकी सोयींसाठी जगभरच्या हौशी मंडळींनी लिहिलेली जोडकामे घ्यायची. त्यांना मॉड्यूल म्हणतात. कुणी दिनदर्शिका केली, कुणी चित्रांची मांडणी केली. थेंबे थेंबे तळे साचे, दुसरे काय! ओवी, सांगणारीचे नाव आणि तिचे गाव ही तिन्ही एका गाठीत बांधणारे मॉड्यूलही असेच कुणा परदेशस्थाने केलेले होते. आम्ही ते उचलले आणि विसरून गेलो.

नोव्हेंबर २०१५ मध्ये ड्रुपलची आठवी आवृत्ती आली. तिची आतली बांधणी मुळापासून बदललेली होती. आमची होती सातवी. जुनी मॉड्यूले नव्या घरात चालत ना; ज्याची त्याने पुन्हा लिहायची. पुष्कळांनी लिहिली. काहींना जुनीच रीत प्रिय होती. त्यांनी त्याच वर्षी जानेवारीत बॅकड्रॉप नावाची वेगळी चूल मांडली होती. काहींनी हात जोडून रजा घेतली. आमच्या मॉड्यूलचा कर्ता या शेवटच्यांपैकी. आता सवड होत नाही, कुणाला पुढे चालवायचे असल्यास खुशाल चालवावे, अशा अर्थाच्या दोन ओळी लिहून तो गेला. किल्ली दारालाच ठेवून गेला म्हणा; पण ती उचलायला कुणी पुढे आले नाही.

जुन्या चाळीतली बिऱ्हाडे एकेक करून उठावीत आणि आपण मात्र नोटिशीची वाट पाहत बसावे, तशी आमची गत झाली. सातव्या आवृत्तीची देखभाल नोव्हेंबर २०२१ मध्ये थांबायची होती. ती मुदत २०२२ वर गेली, मग २०२३ वर, आणि अखेर ५ जानेवारी २०२५ ही तारीख ठरली. दर मुदतवाढीला मी सुटकेचा निःश्वास टाकला आणि काम पुढे ढकलले. दोष द्यायचा तर माझ्या आळसालाच द्यायला हवा.

२०२४ च्या दिवाळीत तो विद्यार्थी फराळाला आला. आता त्याचीच मुलगी शाळेत जाते. चकली हातात तशीच ठेवून तो म्हणाला, "ओव्या कुठे जात नाहीत, मॅडम. पण कुठली ओवी कुणाची, हे सांगणारी गाठ त्या मॉड्यूलची आहे. ती सुटली तर ओव्या एकीकडे राहतील आणि नावं दुसरीकडे."

माझ्या पोटात धस्स झाले. "असं अर्ध्यावर सोडून जातात का कुणी?" मी चिडून म्हटले.

तो हसला. "बारा वर्षं आपण त्याचं काम फुकट वापरलं. त्याला आभाराचं एक पत्र तरी पाठवलं का? त्याचं नाव काय, मॅडम?"

मला नाव सांगता येईना. दरवर्षी वर्गात नावासाठी हट्ट धरणारी मी!

पुढच्या तीन संध्याकाळी आम्ही दोघे संगणकापुढे बसलो. एकेक ओवी, तिच्यापुढे नाव, नावापुढे गाव, असा साधा तक्ता केला. कुठल्याही सॉफ्टवेअरला तो वाचता येईल. त्याची एक छापील प्रतही काढून कपाटात ठेवली. मग वेबसाइट नव्या आवृत्तीवर नेली. या खेपेला मॉड्यूले मोजकीच घेतली आणि प्रत्येकाच्या कर्त्याचे नाव वहीत टिपून ठेवले.

जुन्या मॉड्यूलच्या पानावर त्या गृहस्थांचे नाव सापडले. त्यांना आभाराचे पत्र पाठवले; उत्तर अद्याप आलेले नाही. वेबसाइटवर शेवटी आम्ही त्यांचेही नाव घातले आहे, सांगणाऱ्या बायकांच्याच यादीत. गाव मात्र ठाऊक नाही. तेवढी जागा कोरी ठेवली आहे.