गुहागरच्या वाटेवर एक थंड पेटी

पुण्याहून गुहागरला जाण्यास दोन वाटा सोयीच्या आहेत. एक ताम्हिणी घाटाने उतरून माणगाव, महाड, चिपळूण अशी. दुसरी साताऱ्याच्या पुढे उंब्रजला महामार्ग सोडून पाटण, कोयनानगर आणि कुंभार्ली घाट अशी. फेब्रुवारीच्या अखेरीस आम्ही दुसरी निवडली. त्यामागे निसर्गप्रेम नव्हते. महामार्गावर उंब्रजपर्यंत बऱ्यापैकी स्वच्छ प्रसाधनगृहे मिळतात, आणि आमच्याबरोबर असलेल्या भाचीला लघवीची भावना झाली की ती थोपवता येत नाही. तिच्या आजाराचा हा भाग कोणी मोकळेपणाने बोलत नाही; पण अशी कित्येक माणसे केवळ या एका धास्तीने वर्षानुवर्षे घराबाहेर पडत नाहीत, हे मी दवाखान्यात पाहतो.

प्रवासी चौघे. माझी थोरली मावसबहीण, वय बहात्तर, भाऊजी शहात्तर, त्यांची अडतीस वर्षांची लेक आणि मी. व्याडेश्वर हे भाऊजींचे कुलदैवत. लेकीच्या आजाराचे निदान झाल्यापासून, म्हणजे नऊ वर्षांत, त्यांचे तिकडे जाणे झाले नव्हते. पाचवा प्रवासी ताईच्या मांडीवर होता : निळ्या रंगाची थंड पेटी, आत दोन इंजेक्शने.

भाचीला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. आपल्या मेंदूतील आणि मज्जारज्जूतील तंतूंवर मायलिन नावाचे आवरण असते, विजेच्या तारेवर असते तसे. या आजारात शरीराची संरक्षणव्यवस्थाच त्या आवरणावर हल्ला करते. भाचीचा प्रकार उचल खाऊन ओसरणारा आहे. कधी एका डोळ्याची दृष्टी मंदावते, कधी पाय बधिर होतो. काही आठवड्यांत बरेचसे सुधारते, पण प्रत्येक वेळी सारे पूर्ववत होईलच असे नाही. भारतात हा आजार पाश्चात्त्य देशांच्या मानाने कमी आढळतो, म्हणून निदानही पुष्कळदा उशिरा होते. प्रथम अशक्तपणा, मग मणक्याचा त्रास, मग मनाचे खेळ, अशी लेबले लावून झाल्यावर कोणीतरी एमआरआय सुचवते.

तिला दर शनिवारी रात्री इंटरफेरॉन बीटा-१ए हे औषध मांडीच्या स्नायूत टोचावे लागते. इंटरफेरॉनचा शोध १९५७ साली लंडनच्या मिल हिल येथील संस्थेत आयझॅक्स आणि लिंडेनमन या दोघांनी कोंबडीच्या अंड्यातील पटलावर फ्ल्यूच्या विषाणूचे प्रयोग करताना लावला. विषाणूच्या वाढीत अडथळा आणणारे द्रव्य, म्हणून हे नाव. या आजारासाठी त्याचा पहिला प्रकार अमेरिकेत १९९३ साली मान्य झाला, आठवड्यातून एकदा घ्यावयाचा १९९६ साली. या औषधाने आजार बरा होत नाही आणि गेलेली शक्ती परत येत नाही. आजार उचल खाण्याचे प्रमाण साधारण एक-तृतीयांशाने कमी होते. आता याहून प्रभावी औषधे, गोळ्यासुद्धा, उपलब्ध आहेत. मात्र जिला हे मानवले आहे आणि जिचा आजार शांत आहे, तिचे औषध बदलावे की नाही हा निर्णय मेंदूविकारतज्ज्ञांचा. आम्हा फॅमिली डॉक्टरांनी त्यात ढवळाढवळ करू नये, आणि शेजाऱ्यांनी तर मुळीच नाही.

पाटण सोडले की रस्ता कोयनेच्या सोबतीने चालतो. कोयनानगरला चहासाठी थांबलो. भाऊजी ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाच्या आठवणी सांगू लागले, आणि ताई दर दहा मिनिटांनी पेटीचे झाकण उघडून पाहू लागली. शेवटी मी पेटी माझ्याकडे घेतली. हे औषध दोन ते आठ अंश तापमानात ठेवावे लागते. झाकण वारंवार उघडले की आतला गारवा निघून जातो; उलट इंजेक्शन बर्फाच्या पाकिटाला थेट टेकले तर गोठते, आणि गोठलेले औषध पुन्हा वितळले तरी निकामीच. म्हणून खोके टॉवेलात गुंडाळून मधे ठेवायचे आणि बर्फाची पाकिटे कडेला. गाडी उन्हात उभी करून जेवायला जायचे असेल, तर पेटी बरोबर न्यायची. खोक्यातील पत्रकावर फ्रिजबाहेर किती दिवस व किती तापमानापर्यंत चालेल ते लिहिलेले असते. प्रत्येक कंपनीचे वेगळे असते, म्हणून आपलेच पत्रक वाचावे.

कुंभार्ली घाट उतरताना हवा बदलते ती कातडीला कळते. चिपळूणपर्यंत घामाने सदरे भिजले. तेथून गुहागर तासा-दीड तासाच्या अंतरावर. सुपारीच्या बागा सुरू झाल्या तेव्हा भाऊजींनी काच खाली केली आणि गाव येईपर्यंत ते काही बोलले नाहीत.

उतरलो ते घर कौलारू, मागे वाडी, वाडीपलीकडे सुरूची झाडे आणि समुद्र. घरच्या काकूंनी पेटी पाहताच अत्यंत मायेने इंजेक्शने बर्फाच्या कप्प्यात ठेवली. सुदैवाने भाची पाण्याची बाटली घ्यायला गेली आणि दोनच मिनिटांत तिच्या लक्षात आले. मग आगळाच्या बाटल्या सरकवून मधल्या फळीवर जागा केली आणि खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले : ‘औषध. बर्फात ठेवू नये.’ फ्रिजच्या दारातही ठेवायचे नसते, कारण तेथले तापमान सतत वरखाली होते. रात्री दोन तास वीज गेली. फ्रिज उघडू नका एवढेच मी सांगितले. बंद फ्रिज तेवढा वेळ सहज थंड राहतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्याडेश्वराचे दर्शन झाले. देऊळ गावातच सपाटीवर आहे, त्यामुळे भाचीला काठीच्या आधाराने गाभाऱ्यापर्यंत जाता आले. ताईने अभिषेक सांगितला होता. तो चालू असताना तिचे लक्ष पिंडीपेक्षा लेकीच्या पायांकडेच अधिक होते.

शुक्रवारी हेदवीला गेलो. दशभुजा गणेशाचे देऊळ टेकडीवर आहे. निघायला उशीर झाल्याने ऊन चढले होते. चढ संपता संपता भाची थबकली आणि म्हणाली, “मामा, उजव्या डोळ्यापुढे धुरकट दिसतंय.” हाच डोळा नऊ वर्षांपूर्वी अधू झाला होता. भाऊजींच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. “पुन्हा सुरू झालं,” एवढेच ते बोलले आणि तसेच पुण्याला परत निघण्याची घाई करू लागले.

तिला सावलीत पंख्याखाली बसवले, मानेवर ओला पंचा ठेवला, गार पाणी घोट-घोट दिले. पाऊण तासात नजर पूर्वीसारखी झाली. याचे वर्णन जर्मन नेत्रतज्ज्ञ ऊटहोफ यांनी १८९० मध्येच केले आहे. आवरण गेलेला तंतू नेहमीच्या तापमानात कसाबसा संदेश पोहोचवतो. शरीराचे तापमान अर्धा अंश जरी चढले तरी तो अडखळतो, आणि शरीर निवले की पुन्हा चालू लागतो. त्यात नवी हानी होत नाही. खऱ्या उचलीत लक्षण चोवीस तासांहून अधिक टिकते, आणि त्यामागे ताप किंवा लघवीच्या संसर्गासारखे दुसरे कारण नसते. तसे घडले तर तज्ज्ञांना त्याच दिवशी कळवायचे. भाऊजींनी हे माझ्याकडून दोनदा समजून घेतले. मग समुद्राकडेच्या बामणघळीला जाण्याचा बेत सोडून आम्ही घरी परतलो आणि संध्याकाळी ऊन कलल्यावर गुहागरच्या किनाऱ्यावर बसलो.

शनिवारची रात्र आली. नऊ वर्षे इंजेक्शन ताईच देत आली होती. निदानानंतर परिचारिकेने भाचीलाही शिकवले होते. पण लेकीच्या हाताला तेव्हा मुंग्या येत होत्या, म्हणून आईने ते काम घेतले ते घेतलेच. आता ताईचा हात थरथरतो. कंदिलासारख्या पिवळ्या दिव्याखाली सुईचे टोपण काढताना तो अधिकच थरथरला. तिने इंजेक्शन माझ्यापुढे केले. “आज तू दे.”

“आज देईन गं. पण पुढच्या शनिवारी?” मी विचारले.

कोणी उत्तर दिले नाही. अशा घरांतून हा प्रश्न वर्षानुवर्षे असतो आणि त्याच्याभोवती सारे जपून वावरत असतात. थोड्या वेळाने भाचीने हात पुढे केला. “आई, मला दे.”

औषध अर्धा तास आधी बाहेर काढून ठेवले होते, गरम पाण्यात न बुडवता. द्रव स्वच्छ आहे का हे तिने पाहिले. मांडीची बाहेरची बाजू, तिचा मधला भाग. स्पिरिट सुकू दिले. सुई सरळ काटकोनात. सुई पाहून तिने श्वास रोखला तेव्हा ताईने तोंड फिरवले. सारे मिळून दोन मिनिटेही लागली नाहीत. ताई उठून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. आनंद होता की काही हातातून सुटल्याचे दुःख, हे मी विचारले नाही.

मध्यरात्री अपेक्षेप्रमाणे थंडी, अंगदुखी आणि थोडा ताप. तज्ज्ञांच्या सल्ल्याने पॅरासिटामॉल आधीच घेतले होते, नंतर ठरलेल्या अंतराने पुन्हा. बहुतेकांना हा त्रास पहिल्या काही महिन्यांनंतर कमी होतो, काहींना राहतो. म्हणूनच रविवार मोकळा ठेवला होता. इंजेक्शनच्या दुसऱ्या दिवशी प्रवास, ऊन, समुद्रस्नान काही नको. काळजी घेणाऱ्यांनी आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्यावे : या औषधावर असताना मन खचू शकते. सतत उदासी, झोप उडणे, जगण्यात अर्थ नाही असे बोलणे हे ‘आजारामुळे वाटतंच’ म्हणून सोडून देऊ नये, डॉक्टरांना लगेच सांगावे. रक्तपेशी आणि यकृताच्या तपासण्याही ठरल्या वेळी कराव्यात. भाऊजी त्यांची वही ठेवतात, आणि ती माझ्या नोंदींपेक्षा नीटनेटकी आहे.

सोमवारी पहाटे निघालो, ऊन चढण्याआधी घाट पार व्हावा म्हणून. वापरलेली सुई जाड प्लॅस्टिकच्या बाटलीत घालून माझ्या दवाखान्यात नेण्यासाठी घेतली होती. कोकणातल्या वाडीत ती टाकून यायची नसते. पेटी या वेळी भाचीच्या मांडीवर होती. पाटणला ताईने विचारले, “बर्फ आहे ना अजून?”

“आहे,” ती म्हणाली, आणि झाकण उघडले नाही.