दिवसाचे ट्रंपेट, रात्रीचे ट्रंपेट

जॅझ हा शब्द कानावर पडला की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे अमेरिका उभी राहते. न्यू ऑर्लिन्सचे रस्ते, शिकागोतील धुराने भरलेली मद्यगृहे आणि गाल फुगवून ट्रंपेट वाजविणारा लुई आर्मस्ट्राँग. हे संगीत परक्यांचे, ते ऐकणारे आपल्यातले लोकही थोडे परकेच, असे आपण मनाशी धरून चालतो. आमच्या घरी नाट्यगीते होती, भावगीते होती, जुनी हिंदी चित्रपटगीते होती, जॅझ नव्हते. निदान तसे आम्हांला वाटत होते. प्रत्यक्षात ते आमच्या घरात माझ्या जन्माच्याही आधीपासून मुक्कामाला होते. त्याचे नाव तेवढे कुणाला ठाऊक नव्हते.

माझे आजोबा तालुक्याच्या गावी लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवीत. दिवसा शिवणकाम आणि लग्नसराईत बँड, असा त्यांचा संसार. वरातीत हमखास फर्माईश होई ती ‘अलबेला’ या १९५१ सालच्या चित्रपटातील ‘शोला जो भडके’ या गाण्याची. आजोबांना पाश्चात्त्य स्वरलिपी येत नव्हती. तबकडी पुन्हा पुन्हा ऐकून त्यांनी ते बोटांत बसविले होते. ते म्हणत, “गाण्याची चाल कुणीही वाजवील. खरी मेहनत मधल्या तुकड्यांना. तिथं बोटं अडखळतात.” हे तुकडे बसविले कुणी, असे मी विचारले की त्यांचे उत्तर ठरलेले असे : “अण्णांचं गाणं ते, अण्णांनीच बसवले असणार.” अण्णा म्हणजे सी. रामचंद्र. पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर. चित्रपट भगवानदादांचा, संगीत अण्णांचे. आजोबांच्या दृष्टीने तो सगळा आपल्याच माणसांचा मामला होता.

पुढे महाविद्यालयात आल्यावर वाचनाच्या ओघात मला त्या तुकड्यांमागचा एक हात सापडला. तो होता अण्णांच्या एका गोमंतकीय साहाय्यकाचा. आंतोनियो शावियेर वाझ हे त्यांचे नाव. पण मुंबई त्यांना ओळखत होती ती चिक चॉकलेट म्हणून. हे नाव मी आजोबांना सांगितले तेव्हा ते आधी हसले. मग बराच वेळ गप्प बसले.

चिक यांचा जन्म १९१६ सालचा, गोव्यातील बार्देशात, हळदोणे गावी. त्या काळी गोव्यात पोर्तुगीजांचे राज्य होते. चर्चला प्रार्थनेसाठी गाणारे आणि वाजविणारे लागत, म्हणून गावोगावच्या चर्चशाळांत मुलांना पाच रेघांची स्वरलिपी वाचावयास शिकवीत. अक्षरओळख आणि स्वरओळख बरोबरीनेच होई. गोव्यात पोटापाण्याचे साधन तुटपुंजे, तेव्हा ही मुले व्हायोलिन नाहीतर ट्रंपेट बगलेत मारून मुंबईची वाट धरीत. धोबीतलाव, गिरगाव, माझगाव या भागांत गावागावांच्या ‘कूड’ होत्या. नाममात्र भाडे, एक ट्रंक ठेवण्यापुरती जागा, भिंतीशी देव्हारा आणि संध्याकाळी सर्वांनी मिळून म्हणावयाची प्रार्थना. आपल्या कोकणातील गिरणी कामगारांचे गावकीचे गाळे आठवा, म्हणजे कूड कशी असेल ते ध्यानात येईल.

मुंबईत तेव्हा जॅझ नुकतेच उतरत होते. १९३५ साली लिऑन ॲबी या कृष्णवर्णीय अमेरिकन व्हायोलिनवादकाचा वाद्यवृंद ताजमहाल हॉटेलात वाजवू लागला. त्यामागोमाग टेडी वेदरफोर्ड या पियानोवादकासारखे आणखी काही कलावंत आले. आपल्या देशात वर्णद्वेषाने गांजलेले हे लोक इथे मोठ्या मानाने वाजवीत होते, आणि त्यांचे ऐकून, पुढे त्यांच्या शेजारी बसून, गोमंतकीय मुले शिकत होती. कुडचडे गावचे फ्रँक फर्नांड हे वेदरफोर्डच्या वाद्यवृंदात ट्रंपेट वाजवीत. चर्चच्या शाळेत कागदावरचे वाचावयास शिकलेल्या या मुलांना आता कागद बाजूला ठेवावयास शिकावे लागले. कारण जॅझचे मर्म तेथेच आहे. चाल एकदा सर्वांनी मिळून वाजवावयाची, मग तिच्या खालची स्वरसंवादांची चौकट कायम ठेवून एकेकाने आपल्या मनचे वाजवावयाचे आणि शेवटी पुन्हा सर्वांनी मूळ चालीवर यावयाचे. आपल्याकडे गवई बंदिशीचा मुखडा धरून विस्तार करतो, तशीच काहीशी ही रीत आहे. फरक असा की रागाच्या जागी येथे बदलत जाणारे स्वरसंवाद असतात. आज वाजविले ते उद्या तसेच वाजविता येत नाही, आणि वाजवूही नये.

चिक या विद्येत इतके मुरले की लोक त्यांना हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणू लागले. चाळिशीच्या दशकात ताजमध्ये त्यांचा स्वतःचा वाद्यवृंद होता. तेथे फलकावर त्यांचे नाव असे आणि टाळ्याही त्यांच्याच नावाने पडत.

मग काळ बदलला. १९४७ साली देश स्वतंत्र झाला. इंग्रज गेले, संस्थाने विलीन झाली आणि नृत्याच्या मेजवान्या देणारे बरेच यजमान त्यांच्याबरोबर गेले. १९५० पासून मुंबई राज्यात कडक दारूबंदी आली. जॅझ वाजविणारा मनुष्य पीत असो वा नसो, त्याचा पगार मद्याच्या बिलातून निघत होता, हे उघड आहे. चर्चगेटचा रस्ता, म्हणजे आजचा वीर नरिमन मार्ग, तेथील उपाहारगृहांतून पुढेही बरीच वर्षे वाद्यवृंद वाजत राहिले. पण केवळ रात्रीच्या कामावर घर चालविणे अनेकांना कठीण झाले.

याच सुमारास चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणासाठी मोठमोठे वाद्यवृंद लागू लागले होते. संगीतकार बहुधा पेटीवर चाल बांधीत. ती चाल पंचवीस-तीस वादकांत वाटावयाची म्हणजे प्रत्येकाच्या हाती त्याचा त्याचा कागद हवा. हे काम गोमंतकीयांचे. संगीतकार चाल म्हणून दाखवी, साहाय्यक ती पाच रेघांवर उतरवून घेई. मग गाण्याचा आरंभ, दोन कडव्यांमधले तुकडे, गायिकेच्या आवाजामागे हलकेच चालणारी दुसरी चाल, अशी सगळी भरणी लिहून काढी. लाहोरच्या हॉटेलात वाद्यवृंद चालविणारे सेबॅस्टियन डिसूझा फाळणीनंतर मुंबईत आले आणि शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांमागे त्यांनी अनेक वर्षे हेच काम केले. त्या काळी सर्वांचे वाजविणे एकाच वेळी मुद्रित होई. एकाची फुंक चुकली की सर्वांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

चिक चॉकलेट यांचेही असे दोन संसार सुरू झाले. रात्री हॉटेल, दिवसा स्टुडिओ. १९५० सालच्या ‘समाधी’त आणि त्यानंतर ‘अलबेला’त अण्णांच्या गाण्यांना जो बोंगोचा ठेका आणि पितळी वाद्यांचा झगझगाट लाभला, त्यात या माणसाचा मोठा वाटा आहे. अण्णांचे मोठेपण यात उणे होत नाही. मराठी मातीतल्या, तमाशाच्या आणि भजनाच्या वळणावर वाढलेल्या कानाने हा परका डौल ओळखला आणि त्याला घरात घेतले, ही गोष्ट सामान्य नव्हे. पण घरात घेतलेल्या पाहुण्याचे नाव घरच्या मुलांना सांगावयाचे राहून गेले.

चिक यांनी स्वतंत्रपणेही संगीत दिले. १९५१ सालचा ‘नादान’ आणि १९५२ सालचा ‘रंगीली’ हे चित्रपट त्यांच्या नावावर आहेत. ‘नादान’मधील तलत महमूद यांचे गाणे आजही जुन्या गाण्यांचे शौकीन डोळे मिटून ऐकतात; त्यांतल्या किती जणांना संगीतकाराचे नाव सांगता येईल, याची मला शंका आहे. संगीतकार म्हणून त्यांचा जम मात्र बसला नाही. १९६७ च्या मे महिन्यात ते वारले, तेव्हा त्यांनी पन्नाशी नुकतीच ओलांडली होती.

मला यात खुपते ते असे. जॅझवाल्याची खरी मिळकत म्हणजे त्या क्षणी त्याला सुचलेले काही. रात्री ताजमध्ये चिक यांनी जे वाजविले ते त्यांचे होते, पण ते हवेत विरून गेले. दिवसा स्टुडिओत त्यांनी जे लिहिले आणि वाजविले ते टिकले, खेडोपाडी पोहोचले, माझ्या आजोबांच्या बोटांत उतरले. पण ते त्यांच्या नावाने राहिले नाही. रात्रीच्या ट्रंपेटला नाव होते आणि आयुष्य नव्हते. दिवसाच्या ट्रंपेटला आयुष्य होते आणि नाव नव्हते.

या विषयावर मी आमच्या वर्गात बोललो तेव्हा एका मित्राने रोकडा सवाल केला. “त्यांना कामाचे पैसे मिळाले ना? गवंड्याचे नाव इमारतीवर असते का?” सवाल चुकीचा नाही. हे लोक धंदेवाईक वादक होते. तासांचा हिशेब करीत, पैसे घेत आणि घरी जात. पण गवंडी दुसऱ्याने काढलेल्या नकाशावर भिंत उभी करतो. येथे नकाशाचा काही भाग गवंडीच काढीत होता. ‘शोला जो भडके’तून मधले तुकडे आणि ठेका काढून टाका आणि उरलेली चाल गुणगुणून पाहा. चाल गोडच आहे. पण पाय हलणार नाहीत. वरातीतील माणसे ज्या गोष्टीवर नाचली, ती गोष्ट निम्मी तरी त्या तुकड्यांत होती.

अँथनी गोन्साल्विस यांचे उदाहरण तर आणखी बोलके आहे. १९७७ साली ‘अमर अकबर अँथनी’त अमिताभ बच्चन हे नाव घेऊन नाचले आणि ते देशभर झाले. हा कुणी कल्पित विनोदी इसम असावा, असेच बहुतेकांना वाटते. प्रत्यक्षात अँथनी गोन्साल्विस हे माजोर्ड्याचे थोर व्हायोलिनवादक. लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतील प्यारेलाल त्यांचे शिष्य. ते नाव म्हणजे शिष्याने वाहिलेली गुरुदक्षिणा होती. रागसंगीत आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद यांचा मेळ घालावा, या ध्यासाने त्यांनी १९५८ साली मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात कार्यक्रम केला. त्यात लता मंगेशकर आणि मन्ना डे गायले. १९६५ च्या सुमारास ते अमेरिकेला गेले आणि परतल्यावर गोव्यात निवांत राहिले. २०१२ साली त्यांचे निधन झाले. आपले मराठी चित्रपटसमीक्षक अशोक राणे यांनी त्यांच्यावर माहितीपट केला, ही समाधानाची बाब. पण नाव कोट्यवधींच्या ओठांवर आणि माणूस मात्र अज्ञात, असे दुसरे उदाहरण मला तरी आठवत नाही.

जॅझला मुंबईत पुढे पुन्हा बरे दिवस आले. १९७८ साली धोबीतलावच्या रंगभवनात जॅझ यात्रेचा पहिला महोत्सव भरला. सोनी रोलिन्ससारखा मोठा सॅक्सोफोनवादक तेथे वाजवून गेला. कुडींपासून हाकेच्या अंतरावर हे घडत होते. चिक त्यापूर्वीच अकरा वर्षे गेले होते.

आता थोडे आपल्या अंगणातले. यंदाच्या आपल्या स्नेहसंमेलनाच्या कार्यक्रमपत्रिकेत सातही गायकांची नावे ठळक छापली होती. त्यांच्या खाली एकच शब्द होता : ‘वाद्यवृंद’. त्या एका शब्दात नऊ मुलेमुली होती. त्यांत द्वितीय वर्षाची एक विद्यार्थिनी होती. गाणाऱ्याचा सूर वरच्या षड्जावर डगमगला तेव्हा तिने सिंथेसायझरवर हलकेच तो स्वर धरून ठेवला आणि गाणे सावरले. सभागृहात ते किती जणांच्या ध्यानात आले कोण जाणे. मी आजोबांचा नातू, म्हणून माझा कान तिकडे गेला.

संमेलनाच्या चिटणिसांना मी पत्र दिले आहे. पुढील वर्षीच्या पत्रिकेत वादकांची नावे वाद्यांसह छापावीत, अशी त्यात विनंती आहे. कागद थोडा जास्त लागेल, नऊ ओळी वाढतील. आमच्या एका प्राध्यापकांनी पत्रावर ‘योग्य सूचना’ असा शेरा मारून ते पुढे पाठविले आहे.

आजोबांच्या बँडचा एक जुना फोटो आमच्या घरी भिंतीवर आहे. अकरा माणसे, लाल डगले, छातीवर दोऱ्या. परवा आजोबांना खुर्चीत बसवून मी त्या अकराही जणांची नावे विचारून घेतली आणि फोटोच्या पाठीमागे लिहून ठेवली. नऊ त्यांना लगेच आठवली, दोघांसाठी दोन दिवस लागले. ट्रंपेटवाल्याचे नाव सर्वांत शेवटी सापडले.